आधी औषधांची पिशवी दाखवा

"पेशंटच्या अंगावर पुरळ आलंय, जरा बघून जा." मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत त्वचाविभागाला दुसऱ्या वॉर्डांतून असे निरोप रोजचेच. बहुतेक पुरळ साधंच निघतं. पण कातडी खाजण्यापेक्षा दुखत असेल, तोंड आतून सोललं असेल, डोळे लाल होऊन चिकटत असतील, तर थांबायला वेळ नसतो. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो, म्हणजे बहुधा एखाद्या औषधाच्या प्रतिक्रियेने कातडी सोलून निघणारा आजार.

डॉक्टर लाल डागाशेजारी अंगठा टेकवून हलकेच सरकवतात. वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून बाजूला येतो. आत औषधामुळे बिथरलेल्या टी-पेशींनी (रोगप्रतिकारक पेशींनी) ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडलेलं असतं आणि त्याने त्वचेच्या पेशी मरत असतात. १० टक्क्यांपेक्षा कमी अंग सोललं तर स्टीव्हन्स-जॉन्सन हे नाव. ३० टक्क्यांच्या वर गेलं की त्यालाच 'टेन' (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि तो जिवावर बेततो. मोजायला फुटपट्टी लागत नाही, रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का.

दोषी औषध मात्र कातडीवर लिहिलेलं नसतं. ते तारखांत सापडतं. ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत येते. त्यामुळे काल दिलेल्या इंजेक्शनवर संशय घेऊन उपयोग नाही. तीन आठवड्यांपूर्वी गल्लीतल्या डॉक्टरांनी सुरू केलेली फिटची गोळी, युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल किंवा सल्फा बघायचं. केस पेपरवर या औषधांचा पत्ताच नसतो. नातेवाइकांच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या अर्ध्या रिकाम्या स्ट्रिप मला म्हणूनच रक्ताच्या रिपोर्टइतक्या मोलाच्या वाटतात.

संशयित औषध तत्काळ बंद. पुढची काळजी भाजलेल्या रुग्णासारखी: सलाइन, उबदार खोली, जंतुसंसर्गावर नजर. डोळ्यांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी हवेत, नाहीतर त्वचा भरून येते आणि दृष्टी जाते. सोललेलं अंग चादरीला चिकटतं, कूस बदलताना माणूस कळवळतो. तिथे केळीचं पान कामी येतं. गुळगुळीत, गार, न चिकटणारं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर या पानांचं ड्रेसिंग अभ्यासलं गेलं आहे.

घरी जाताना त्या औषधाचं नाव चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, पाकिटात ठेवा, प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. त्याची भावंडंही लिहून घ्या: फिटच्या कार्बामाझेपिनने घात केला असेल, तर त्याऐवजी फिटचंच फेनिटॉइनही चालत नाही.