एमसीए आलं कुठून?

एमसीएच्या (मास्टर ऑफ कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स) प्रवेशाला गर्दी असते, पण हा अभ्यासक्रम कुणाच्या डोक्यातून निघाला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यासाठी प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांच्या वाटचालीत मागं जावं लागतं.

पन्नाशीच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत असताना अमेरिकेतून आलेले प्रा. व्हिन्सेंट राइडाउट यांच्या अ‍ॅनालॉग संगणकावर त्यांनी काम केलं. या यंत्रात आकड्यांच्या जागी विजेचा दाब असायचा. पुढे एमआयटीतून पदव्युत्तर पदवी घेऊन राजारामन राइडाउट यांच्याच विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि १९६१ मध्ये पीएच.डी. झाले.

१९६३ मध्ये ते आयआयटी कानपूरला रुजू झाले. त्याच वर्षी तिथं आयबीएम १६२० हा संगणक आला. गमतीशीर यंत्र! बेरजेचं वेगळं सर्किटच नाही. स्मृतीत भरलेल्या कोष्टकात उत्तर शोधायचं, आपण पाढे आठवतो तसं. अमेरिकी प्राध्यापकांसोबत इथल्या शिक्षकांनी दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले. देशभरातले शास्त्रज्ञ, इंजिनिअर येऊन फोर्ट्रन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून गेले. देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके असताना माणसं तयार करायला घेतली, हे मला या सगळ्यात मोठं वाटतं. पाठोपाठ विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्र आलं. नारायण मूर्ती तिथलेच विद्यार्थी. बी.टेक.ला मात्र सत्तरीच्या दशकाची अखेर उजाडली.

वर्गातल्या टिपणांतून पुस्तकं झाली. परदेशी पुस्तकं परवडत नव्हती, म्हणून त्यांनी किंमत मुद्दाम कमी ठेवायला लावली. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांचं फोर्ट्रनचं पुस्तक हमखास सापडायचं. बहुतेक प्रतींवर आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रश्न असा होता की बँका, कारखाने, सरकारी कचेऱ्यांसाठी प्रोग्रॅमर कुठून आणायचे? तेवढे इंजिनिअर नव्हतेच. मनुष्यबळाचा विचार करणाऱ्या समितीचे राजारामन अध्यक्ष होते. बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्यांना तीन वर्षांत तयार करता येईल, अशी त्यांची मांडणी होती. त्यातूनच एमसीए निघालं. म्हणून त्यात प्रोग्रॅमिंगच्या जोडीला हिशेब आणि व्यवस्थापन आलं, शेवटच्या सत्रात उद्योगातला प्रकल्प आला. इंजिनिअरिंगची सीट हुकलेल्यांना मागचं दार नव्हे, स्वतंत्र दार मिळालं.

राजारामन १९८२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि १९९४ पर्यंत तिथलं महासंगणक केंद्र सांभाळलं. १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालं. एमसीएचं तिसरं वर्ष २०२० मध्ये कापलं गेलं.