१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, मग तक्रार अडली कुठे?

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेला माणूस आमच्या मदत केंद्रात येतो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये बारा-पंधरा स्क्रीनशॉट असतात. ठकाचा डीपी असतो, चॅट असतो, 'साहेबां'चे बनावट ओळखपत्रसुद्धा असते. नसतो तो यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेला व्यवहार ज्यावरून सापडतो तो क्रमांक, आणि गाडी तिथेच रुतते. यूपीआय किंवा आयएमपीएसने पैसे गेले असतील तर हा क्रमांक १२ अंकी असतो. अ‍ॅप स्वतःचाही एक अक्षरे-आकड्यांचा लांबलचक क्रमांक दाखवते. लोक तोच उतरवून आणतात आणि बँकेला व्यवहार सापडत नाही. अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडून खालपर्यंत पाहा, नाहीतर खात्याचा उतारा काढा. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाच क्रमांक, पाच तारखा आणि पाच रकमा वेगवेगळ्या द्या. 'एकूण ऐंशी हजार' एवढ्यावरून काहीच थांबवता येत नाही.

अर्थात कागद जमवत बसून फोन लांबवू नका. १९३० या हेल्पलाइनचा उपयोग पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे, आणि ते काही तासांत तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोहोचतात. 'मुलगा संध्याकाळी कामावरून आला की बघू' म्हणणारे आजोबा-आजी मी फार पाहिले आहेत. लाज वाटते, हेही कळते. तरी फोन आधी करा.

फोन केला म्हणजे तक्रार झाली, हा पुढचा गैरसमज. फोननंतर एसएमएसवर पोच क्रमांक येतो. तो वापरून २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर सगळी माहिती भरून तक्रार पूर्ण करायची असते. ही पायरी बहुतेकांची राहून जाते, कारण फोनवरचा माणूस घाईत सांगतो आणि ऐकणारा भानावर नसतो.

फॉर्म सोपा आहे, पण खोडसाळ आहे. घटनेची हकिकत किमान २०० अक्षरांची हवी आणि तिच्यात @, #, $ यांसारखी चिन्हे चालत नाहीत. आता यूपीआय आयडी म्हटला की @ आलेच! म्हणून तो हकिकतीत लिहू नका. संशयिताच्या माहितीच्या रकान्यात द्या किंवा पुराव्यात जोडा. ओळखपत्र जेपीईजी किंवा पीएनजी स्वरूपात आणि ५ एमबीच्या आत लागते. डिजीलॉकरमधून उतरवलेली आधारची पीडीएफ तशीच चढवायला जाल तर अडाल. ही दोन कारणे कळायला आम्हालाच दोन संध्याकाळी लागल्या.

बँकेचा अर्ज वेगळा. तो पोर्टलवरच्या तक्रारीत येत नाही. शाखेत लेखी द्या, सही-शिक्क्याची पोच घ्या. ईमेल केला असेल तर तोही जपून ठेवा. इथे 'तीन दिवसांत सांगितले तर पैसे परत' या अर्धवट वाक्याने फार घोळ केला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले तीन दिवस हे कामाचे दिवस आहेत, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाली तो दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे शुक्रवारी रात्री पैसे गेले तर रविवारी आशा सोडून देण्याचे कारण नाही. पण हे पूर्ण संरक्षण चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, अशा व्यवहारांना आहे. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचे नुकसान तुमच्यावर येते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सोडलेले आहे.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. ही दुसरी ओळ काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. खाते पतसंस्थेत असेल तर हे परिपत्रक तिला लागूच नाही, कारण पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते.

आता कलमांबद्दल. कलम लावणे पोलिसांचे काम आहे, पण काय घडले ते नेमके सांगितले नाही तर भलतेच लागते. तुमचा पासवर्ड किंवा डिजिटल सही दुसऱ्याने वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे ६६ सी. बँकेचा अधिकारी किंवा पोलिस असल्याचे भासवून फसवले, तर ६६ डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संगणकात परवानगीविना शिरून माहिती चोरली किंवा बिघडवली, तर ६६. खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीविना काढली किंवा पसरवली, तर ६६ ई. अश्लील मजकुराला ६७, लहान मुलांबाबत ६७ बी. महिला आणि बालकांविषयीची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते, पण मग तिचा पुढे माग काढता येत नाही. अजूनही काही जण फेसबुकवरच्या शिवीगाळीसाठी ६६ ए लिहून आणतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले आहे. आणि व्हिडिओ कॉलवरून घातली जाते ती 'डिजिटल अरेस्ट'ची भीती खोटी आहे, असा प्रकार कोणत्याच कायद्यात नाही.

पोर्टलची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. पोलीस ठाण्यात 'आमच्या हद्दीत नाही' असे ऐकायला मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती नाकारता येत नाही. 'साहेब नाहीत' हे उत्तर मात्र अगदीच बिनबुडाचे नसते: माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण तक्रार घ्यायला ठाणे अंमलदार पुरतो. तरीही घेतली नाही, तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते (शहरात आयुक्तालयाकडे), आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा दाखला. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून जुने लोक त्याला अजून '६५ बी' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतो आणि त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. तक्रार देताना तो नाही म्हणून परत पाठवले तर ऐकून घेऊ नका, तो पुरावा न्यायालयात मांडताना लागतो. तुमच्या हातात एवढेच आहे की चॅट आणि एसएमएस पुसू नका, आणि वैतागून फोन रीसेट करू नका.

नशिबाने रक्कम होल्ड झाली, म्हणजे वाटेतल्या एखाद्या बँकेत अडवली गेली, तरी ती आपोआप खात्यात येत नाही. मोठ्या रकमेसाठी सहसा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खालच्या त्या अर्जाला पोच क्रमांक, होल्ड झालेली नेमकी रक्कम, ती ज्या बँकेत अडली तिचे नाव आणि तपास अधिकाऱ्याचा अहवाल लागतो. अहवालासाठी हेलपाटे होतात, हे आधीच सांगून ठेवतो. याच काळात 'तुमचा परतावा मंजूर झालाय, प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन येतो. आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचे पैसे अशा फोनमुळे दुसऱ्यांदा गेले, आणि त्या वेळी तिला यूटीआर क्रमांक कुठे शोधायचा ते पाठ होते.