पॅकेज आहे, पण सापडत नाही

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि पावसाचे आकडे वेळेवर समोर असणं किती गरजेचं आहे ते साऱ्या कोकणाला कळलं. घाटमाथ्यावर किती पाऊस पडला, कोयनेची वीज तयार करून खाली आलेलं किती पाणी वाशिष्ठीत मिसळतंय, दाभोळच्या खाडीला भरती केव्हा आहे, हे तिन्ही एकत्र पाहिलं तरच शहरातलं पाणी कधी ओसरेल याचा काही अंदाज बांधता येतो. हे आकडे नकाशावर मांडणारं छोटं अ‍ॅप आज कॉलेजातली मुलंही तयार करू शकतात. त्यासाठी लागणारी आर ही भाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवली. तिच्यात लिहिलेलं विश्लेषण वेबपानावर आणणारं शायनी हे साधन 2012 मध्ये आलं. दोन्ही फुकट मिळतात.

अडचण येते ती अ‍ॅप सर्व्हरवर चढवताना. लॅपटॉपवर नकाशा झकास दिसतो, सर्व्हरवर मात्र अ‍ॅप सुरूच झालं नाही एवढाच निरोप येतो. खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींत, असतं. शायनी सर्व्हर ते 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग'च्या आत स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: 'एसएफ' नावाचं पॅकेज नाही. पॅकेज म्हणजे आरला जोडायचा तयार कोडचा संच, आणि एसएफ म्हणजे नकाशे आणि सीमारेषा हाताळणारं पॅकेज. आपण तर ते सर्व्हरवर आत्ताच टाकलेलं असतं! मग माणूस पुन्हा टाकतो, पुन्हा तीच ओळ येते, आणि अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

ती ओळ खोटी नाही, पण अर्धीच आहे. तिचा पूर्ण अर्थ असा: मी ज्या फोल्डरांत शोधलं, तिथे हे पॅकेज मिळालं नाही. म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी शोधणारा कोण आणि तो कुठे शोधतोय, हे विचारायला हवं.

लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम कुठल्या तरी वापरकर्त्याच्या नावाने चालतो. आपण आपल्या खात्यातून लॉगिन होऊन पॅकेज मागवतो. सर्वांसाठीच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आपल्याला नसते, म्हणून आर विचारतं, 'तुमच्या वैयक्तिक लायब्ररीत (पॅकेजं ठेवायच्या फोल्डरमध्ये) ठेवू का?' आपण 'हो' म्हणतो आणि पॅकेज आपल्या होम फोल्डरमध्ये जातं. अ‍ॅप मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, 'शायनी' नावाच्या वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतं. कोकणातल्या घरात माजघराच्या कोठीत तांदूळ भरलेला असावा आणि पडवीपर्यंतच येणाऱ्या माणसाने 'इथे तांदूळ नाही' म्हणावं, तसं हे आहे.

खातरजमा सोपी आहे. आरमध्ये 'लिबपाथ्स' नावाचं फंक्शन आहे, ते शोधल्या जाणाऱ्या फोल्डरांची यादी देतं. ते एकदा आपल्या खात्यातून चालवावं, एकदा शायनी वापरकर्ता होऊन चालवावं. दोन याद्या वेगळ्या दिसल्या की रोग सापडला. उपाय म्हणजे सुडो वापरून, प्रशासकाच्या अधिकारात, पॅकेज सर्वांसाठीच्या लायब्ररीत टाकणं. काही जण घाईत सगळ्या फोल्डरांना सातशे सत्याहत्तरची परवानगी देऊन टाकतात, म्हणजे कुणीही काहीही लिहावं. तसं अजिबात करू नये. जो सर्व्हर लोक पुराच्या माहितीसाठी उघडणार, त्याचं दार असं सताड सोडणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कधी पॅकेज खरोखरच बसलेलं नसतं, आणि ही बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. विंडोज किंवा मॅकवर आपल्याला पॅकेज तयार अवस्थेत मिळतं. लिनक्सवर मात्र बहुतेकदा मूळ कोड उतरवून तिथल्या तिथे कंपाइल करावा लागतो, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणावा लागतो. एसएफच्या पोटात जीडाल, जिऑस आणि प्रोज या आरबाहेरच्या लायब्ररी आहेत; इथे लायब्ररी म्हणजे फोल्डर नव्हे, तर इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. अक्षांश-रेखांशाचं गणित आणि नकाशांच्या फाइली वाचणं हे काम त्या करतात. त्याशिवाय एसएफला 'युनिट्स' हे पॅकेज लागतं आणि युनिट्सला 'युडीयुनिट्स' ही लायब्ररी. या साखळीतली एक कडी नसली तरी वरचं काहीच बसत नाही. पडद्यावरची शेवटची ओळ फक्त इन्स्टॉलेशन फसल्याचं सांगते, तिच्यावरून काही कळत नाही. वर सरकत जाऊन पहिला एरर शोधायचा. कुठली लायब्ररी हवी, तिचं नाव उबुंटूत (लिनक्सच्या एका प्रकारात) काय आहे, हे पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. ती 'डेव्ह' शेपटीची आवृत्ती ॲप्ट या उबुंटूच्या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने बसवली की पुढचं सुरळीत होतं. उबुंटूसाठी तयार पॅकेजं देणारा पॉझिट पॅकेज मॅनेजरही आहे. छोट्या सर्व्हरवर मी तोच वापरायला सांगेन, कारण कमी मेमरीत मोठं पॅकेज कंपाइल करताना प्रक्रिया मध्येच मारली जाते.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही. देवगडात बसून मुंबईच्या सर्व्हरवर पॅकेज बसवताना जोडणी तुटली, तर इन्स्टॉलेशनही अर्ध्यात मरू शकतं. मागे लायब्ररीत 'शून्य शून्य लॉक' असं सुरुवातीला असणारं फोल्डर उरतं, आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न त्यावर अडतो. दुसरं कुठलं इन्स्टॉलेशन चालू नाही याची खात्री करून ते काढून टाकावं. टीमक्ससारख्या साधनात काम केलं तर जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालूच राहतं.

महिनोन्‌महिने नीट चाललेलं अ‍ॅप एका सकाळी बंद पडलं, तर आधी काय अपडेट झालं ते बघावं. आर 4.2 वरून 4.3 वर गेलं की वैयक्तिक लायब्ररीचं फोल्डरच बदलतं. उबुंटूची आवृत्ती बदलली की जीडालच्या फाइलचा क्रमांक बदलतो, आणि जागच्या जागी असलेलं एसएफ जुन्या क्रमांकाची फाइल मागत बसतं. ते नव्याने बसवावं लागतं.

आरऐवजी पायथन ही भाषा वापरली तरी प्रश्न हाच: अ‍ॅप कुठल्या पायथनने चालतंय? पॅकेजं बसवलेलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) एक आणि सर्व्हरला काय चालवायचं ते सांगणाऱ्या सर्व्हिस फाइलमधला पायथन दुसरा, असं सर्रास होतं. शिवाय कोडमध्ये 'एसकेलर्न' म्हणून बोलावलेलं पॅकेज 'सायकिट-लर्न' या नावाने बसवावं लागतं.

पॅकेजं आणि त्यांच्या आवृत्त्या लिहून ठेवण्यासाठी आरमध्ये 'आरएन्व्ह' आहे. त्याची लॉक फाइल, म्हणजे ही लिहिलेली यादी, नव्या मशीनवर तीच पॅकेजं पुन्हा उभी करते. आरबाहेरच्या लायब्ररी मात्र तो बसवत नाही, त्यांची यादी वेगळी ठेवावी लागते. आणखी एक मेख आहे. आरएन्व्ह पॅकेजं होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये, म्हणजे एका साठ्यात, ठेवतो आणि प्रोजेक्टमध्ये फक्त त्यांचे दुवे ठेवतो. नव्या उबुंटूत होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे शायनी वापरकर्त्याला दुवा दिसतो पण त्यामागचं पॅकेज वाचता येत नाही. तेव्हा कॅश 'ऑप्ट'सारख्या सामायिक फोल्डरमध्ये हलवावी, नाहीतर 'आयसोलेट' हे फंक्शन चालवून पॅकेजं प्रोजेक्टमध्येच उतरवून घ्यावीत. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, एका कोऱ्या मशीनवर लॉक फाइलवरून सगळं उभं करून शायनी वापरकर्त्याच्या नावाने अ‍ॅप उघडून पाहावं. काही कमी पडत असेल तर दुरुस्तीला जूनपर्यंत वेळ मिळतो.