पिलांच्या खाद्यातली सोयापेंड: कच्ची, करपलेली आणि नीट शेकलेली

सोयापेंड घेताना आपण पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा बघतो. ४४ टक्के म्हणजे सालीसकट, ४७-४८ टक्के म्हणजे साल काढलेली, आणि भाव त्याप्रमाणे. गाई-म्हशींच्या बाबतीत एवढ्यावर बरेचदा भागते. नुकतेच दूध तुटलेल्या वराहाच्या पिलांच्या बाबतीत भागत नाही. सारखाच आकडा असलेल्या दोन पोत्यांपैकी एकावर पिले भराभर वजन धरतात आणि दुसऱ्यावर खुरटतात, त्यांना हगवण लागते. असे झाले की संशय आधी रोगावर किंवा जातीवर जातो. पेंड कारखान्यात किती शेकली गेली, हे फार कमी जण विचारतात.

कच्च्या सोयाबीनवर जनावरांची वाढ नीट होत नाही आणि तेच शिजवून दिले की होते, हे अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये उंदरांवर दाखवले होते. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर. सोयाबीनमध्ये त्यालाच घट्ट धरून निकामी करणारी प्रथिने, म्हणजे रोधक, असतात. त्यातल्या एकाचे शुद्ध स्फटिक मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये मिळवले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या रोधकांमुळे पिलाचे दुहेरी नुकसान होते. खाल्लेले प्रथिन न पचता पुढे सरकते, आणि पचनासाठी शरीराने आतड्यात ओतलेले स्वतःचे प्रथिनही विष्ठेवाटे जाते. शिवाय कच्च्या दाण्यातली लेक्टिन नावाची प्रथिने आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतात, ती वेगळीच.

यावर उपाय उष्णतेचा. तेल कारखान्यात सोयाबीन भरडून त्याचे पातळ पापुद्रे करतात आणि हेक्झेनने तेल काढून घेतात. उरलेला चोथा टोस्टरमध्ये वाफेवर शेकला जातो. तिथे हेक्झेन उडून जाते आणि रोधकही मोडतात. वाफ कमी पडली किंवा वेळ अपुरा दिला, तर पेंड कच्ची राहते.

जास्त शेकली तर? मला हा धोका अधिक फसवा वाटतो. लायसिन हे अमिनो आम्ल पिलाच्या वाढीत सगळ्यात आधी तुटीत येते. सात ते अकरा किलोच्या पिलाच्या खाद्यात पचणारे लायसिन सुमारे १.३५ टक्के लागते. मक्यात ते जेमतेम पाव टक्का असते, सोयापेंडीत तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मका-सोयाच्या खाद्यात जवळजवळ सगळा भार पेंडीवर. अति उष्णतेत हेच लायसिन साखरेशी जोडले जाते. ही मायार अभिक्रिया. भाजलेल्या पावाला तपकिरी रंग येतो तो हिच्यामुळेच. जोडले गेलेले लायसिन पिलाच्या उपयोगाचे राहत नाही.

प्रयोगशाळेत ‘प्रथिने’ म्हणून सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कच्ची पेंड असो की करपलेली, नायट्रोजन तेवढाच भरतो. कुणी युरिया मिसळला तर आकडा उलट वाढतो! अमिनो आम्लांचा अहवालही पूर्ण भरवशाचा नसतो. त्या चाचणीत आम्लात उकळताना बांधले गेलेले काही लायसिन पुन्हा सुटते आणि पेंड आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

कच्चेपणा मात्र सोप्या चाचणीने कळतो. सोयाबीनमध्ये युरियेज नावाचे विकर असते आणि ते रोधकांसारखेच उष्णतेने मोडते. बशीत पेंड पसरायची, वर युरिया आणि फिनॉल रेड यांचे पिवळसर द्रावण ओतायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. जिथे युरियेज जिवंत आहे तिथे अमोनिया सुटतो आणि कणाभोवती लाल ठिपका उमटतो. तुरळक ठिपके आले तर पेंड ठीक. अर्धी बशी लाल झाली तर पिलांना देऊ नये. ठिपकाच आला नाही, तर पेंड कच्ची नाही एवढेच कळते. नीट शेकलेली आणि करपलेली यांतला फरक इथे दिसत नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ०.२ टक्के द्रावणात किती प्रथिन विरघळते ते पाहतात. ८५ टक्क्यांच्या वर विरघळले तर कच्चेपणाची शंका, ७० च्या खाली गेले तर करपल्याची. मोठी खरेदी करणाऱ्याने पुरवठादाराकडे या दोन्ही चाचण्यांचे निकाल मागितलेच पाहिजेत.

नीट शेकलेली पेंडही पिलांना एकदम भरपूर देता येत नाही. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पचवणारे विकर त्यांच्याकडे नसते. त्या मोठ्या आतड्यात आंबतात. ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रथिने नेहमीच्या शेकण्याला बरीच पुरून उरतात आणि काही काळ पिलाच्या आतड्यात ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया उठवतात. त्यातच दूध तुटल्यावर पहिले काही दिवस आतड्यातले अन्न शोषणारे अंकुर आखूड झालेले असतात. म्हणून सुरुवातीला पेंड कमी ठेवून हळूहळू वाढवतात. परवडत असेल तर आंबवलेली सोयापेंड किंवा माशांची कुटी काही भाग घेते.

विदर्भ-मराठवाड्यात घरचेच सोयाबीन असते, म्हणून ते कच्चेच दळून पिलांना घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. गाभण मादीची गोष्ट वेगळी: तिचे पचन पक्के झालेले असते आणि लायसिनची गरज पिलाच्या निम्म्याहून कमी. शंका असलेले पोते घरात आलेच असेल, तर ते गाभण माद्यांच्या खाद्यात बेताने संपवावे आणि पिलांसाठी तपासलेली पेंड वेगळी ठेवावी.