पार्श्वभूमी : 'शेवटचे लॉगिन' आणि चौदा दिवसांची मेख

कार्यालयात माहिती सुरक्षेची तपासणी आली की पहिली मागणी ठरलेली असते : नव्वद दिवस न वापरलेली अकाउंट्स दाखवा. (गोव्यात 'निष्क्रिय खाती' म्हटले तर डोळ्यांसमोर सरकारी खाती येतील, म्हणून इथे अकाउंटच.) मागणी साधी वाटते. पण वापर थांबला याची नोंद कोणतीच यंत्रणा ठेवत नाही, ती माणूस आत आल्याची ठेवते. बाकीचा अंदाज आपण बांधायचा.

एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळू लागली, तेव्हाच पासवर्डही आले. पुढे युनिक्स या अनेकांनी एकत्र वापरायच्या संगणक प्रणालीने 'लास्टलॉग' नावाची फाइल ठेवली. तिच्यात प्रत्येक युजर क्रमांकाला एकच जागा असते आणि नवे लॉगिन जुने पुसून टाकते. आयमॅपवरून (सर्व्हरवरचा मेल दुरून वाचण्याच्या पद्धतीने) रोज मेल वाचणाऱ्याची किंवा रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामे सुरू करणाऱ्या सोयीवर) चालणाऱ्या कामाची नोंद तिच्यात होत नाही, त्यामुळे या फाइलवर विसंबून केलेल्या साफसफाईत कामाची अकाउंट्स बळी पडत आली आहेत. पासवर्डचा तपशील ठेवणाऱ्या शॅडो फाइलमधला 'इनॅक्टिव्ह' रकानाही फसवा आहे. पासवर्डची मुदत संपल्यानंतर किती दिवसांनी अकाउंट बंद करायचे, एवढेच तो सांगतो. लॉगिनशी त्याचा संबंध नाही.

खरा घोळ मात्र विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच व्यवस्थेखाली जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यात, झाला. विंडोज २०००मध्ये 'लास्टलॉगऑन' ही नोंद होती, पण ज्या डोमेन कंट्रोलरने (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरने) लॉगिन मान्य केले त्याच्यापुरतीच. पणजीतल्या सर्व्हरला मडगावचे लॉगिन कळत नसे. खरे उत्तर हवे तर प्रत्येक कंट्रोलरला विचारून त्यांतली सर्वांत अलीकडची तारीख घ्यावी लागे. सर्व्हर २००३ने 'लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प' आणला. हा सगळीकडे पोचतो, पण डोमेनची पातळी २००३च्या आवृत्तीवर नेल्यावरच, आणि प्रत्येक लॉगिनला बदलतही नाही. आधीची नोंद चौदा दिवसांतून शून्य ते पाच असे यदृच्छेने निवडलेले दिवस वजा करून उरणाऱ्या मुदतीपेक्षा जुनी असेल, तरच नवी तारीख बसते. म्हणजे मूळ मापात नऊ ते चौदा दिवसांची ढील.

कारण उघड होते. प्रत्येक लॉगिनची वार्ता सगळ्या कंट्रोलरना धाडली तर लाइनवर भार पडतो. तेव्हा पणजी ते काणकोण लाइन किती बारीक असायची हे ज्यांना आठवते, त्यांना हा निर्णय पटेल. मलाही पटतो. पण तो घेतला गेला जुनी अकाउंट्स ढोबळपणे शोधण्यासाठी, आणि आपण त्याला हजेरीपट करून टाकले. नोंद १ जूनची, माणूस खरा शेवटचा आला ९ जूनला. ३० ऑगस्टला तो नव्वद दिवसांच्या यादीत सापडतो, प्रत्यक्षात ८२ दिवस झालेले असतात. उलट चूकही होते : एखाद्या सेवेने परवानग्या तपासण्यासाठी त्या माणसाच्या नावाने तिकीट (प्रवेशाचा तात्पुरता परवाना) मागितले तरी तारीख पुढे सरकते. घरमालक लिस्बनला, पण शेजारी सांजेला दिवा लावतो, तसे.

याहून वाईट म्हणजे ज्या अकाउंटवर कुणी कधीच लॉगिन केले नाही, तिथे ही नोंद रिकामीच असते. 'अमुक तारखेआधीचे' असा शोध घेतला की ती अकाउंट्स निसटतात. पहिला, सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड तसाच राहिलेली अकाउंट्स नेमकी याच गटात असतात.

नव्वद हा आकडा कार्ड-व्यवहारांच्या जागतिक मानकात आहे. सुरक्षा-उपायांच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध यादीत पंचेचाळीस. पेडण्याहून काणकोणला बदली झालेल्या कारकुनाला त्यांतला कोणता लावायचा, हे दोन्हीकडे लिहिलेले नाही. त्याचे अकाउंट तर दिसायला जिवंतच असते, फक्त जुन्या टेबलावरचे अधिकार काढायचे राहून गेलेले असतात. दुर्लक्षाची किंमत २०२१मध्ये दिसली. अमेरिकेतल्या एका मोठ्या इंधनवाहिनीच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले ते वापरातून गेलेल्या व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याची वाट) अकाउंटवरून, तेही दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नसलेल्या. आपल्याकडे २८ एप्रिल २०२२च्या केंद्रीय निर्देशांनी लॉग, म्हणजे यंत्रणांतल्या नोंदी, १८० दिवस जपणे बंधनकारक केले, तेव्हापासून निदान त्या सहा महिन्यांचा ताळा घेता येतो. दरम्यान 'लास्टलॉग'मधली बत्तीस बिटांत मोजलेली वेळ २०३८मध्ये त्या मापात मावेनाशी होणार म्हणून २०२५च्या डेबियन १३ने (लिनक्सच्या एका प्रकाराने) ती फाइल सोडून 'लास्टलॉग२' घेतला.

सापडलेले अकाउंट पुसायचे की नुसते बंद ठेवायचे यावर आजही दोन मते आहेत. बोटीवर गेलेला तारवटी आठ-नऊ महिन्यांनी परततो. त्याच्या संस्थेने मधल्या काळात त्याचे अकाउंट पुसलेले असेल आणि त्याच नावाने पुन्हा बनवले, तरी विंडोज त्याला नवा आतला क्रमांक देते आणि जुने फोल्डर उघडत नाहीत. युनिक्सवर उलटे घडू शकते : मोकळा झालेला क्रमांक नव्या माणसाला दिला गेला, तर गेलेल्याच्या फायली त्याच्या मालकीच्या होतात. म्हणून जाणते लोक अकाउंट आधी डिसेबल (बंद) करतात, आणि पुसण्याची तारीख वेगळी लिहून ठेवतात.