मिल की मिनिट : रायफलीवरच्या दुर्बिणीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात रायफलीसाठी दुर्बीण घ्यायला निघालेली माणसं साधारण तीन प्रकारची. कुणाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ३१५ बोरची रायफल, कुणाकडे ४.५ मिलिमीटरची छर्‍याची रायफल, आणि मोजके काही लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बाहेरच्या रेंज गाठणारे. तिघांचाही डोळा ६-२४×५० (वर्धन ६ ते २४ पट, पुढची काच ५० मिलिमीटरची) लिहिलेल्या खोक्यावर जातो. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हा समज काही इथल्या मातीतला नाही. दुर्बिणीसोबतच तो बाहेरून आला.

निजामी राजवटीतली शिकार जहागीरदारांची, अंमलदारांची आणि त्यांच्या पाहुण्यांची. मचाण, हाका आणि बारा बोर. जनावर जवळ आल्यावरच बार टाकायचा, त्यामुळे मागची खाच आणि पुढची मक्खी पुरे होई. तेव्हाच्या दुर्बिणीही नाजूक होत्या. नेम धरायच्या फुलीसाठी कोळ्याचा धागा ताणलेला असे, तो धक्क्याने तुटे. नळीत अडकलेल्या ओलाव्याने पावसाळी सकाळी काच आतून धुरकट होई. नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद करण्याची पद्धत अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली, तोवर इकडे सप्टेंबर १९४८ उजाडून निजामाची सत्ताच गेली होती.

काचेवर परावर्तन रोखणारा थर देण्याची युक्ती त्याआधीची, १९३५ ची, जर्मनीतली. थर नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आत असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. तिन्हीसांजेला झाडीच्या कडेला उभं असलेलं जनावर दिसणं-न दिसणं या थरावर ठरे, आणि म्हणून शिकारी दुर्बिणीचा सगळा विचार उजेडाभोवती फिरला. पुढच्या काचेचा व्यास भागिले वर्धन, एवढा जाड प्रकाशझोत डोळ्यात येतो. ८×५६ मध्ये तो ७ मिलिमीटरचा, म्हणजे अंधारात तरुण माणसाची बाहुली उघडते साधारण तेवढाच. ६-२४×५० ला २४ वर नेलं की जेमतेम २ मिलिमीटर उरतो. दुपारी चालेल, संध्याकाळी काळोख.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपवली. आता मागे राहिलंय ते पीक उद्ध्वस्त करणार्‍या रोही आणि रानडुकराचं प्रकरण, तेही वनखात्याच्या लेखी परवानगीने. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. पारावरच्या गप्पांत हे दोन्ही नेहमी एक होतात. परवानगी मिळालीच तरी सोयाबीन-तुरीच्या शेतात अंतर शंभर मीटरच्या आत असतं. तिथे ४×३२ किंवा ३-९×४० सोडून काही लागत नाही. ३१५ ची जुन्या लष्करी धाटणीची पेटी (नळीमागचा यंत्राचा भाग) दुर्बिणीसाठी बनलेलीच नाही, म्हणून पैसे आधी दुर्बीण बसवायच्या पक्क्या बैठकीवर घालावेत. बैठक सैल असेल तर भारी काचही प्रत्येक बाराला नवीन जागा दाखवते.

खेळाच्या बाजूची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय धर्तीच्या १०, ५० आणि ३०० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. तिथे भोकातून पाहायचं साइट. आपल्या देशी स्पर्धांत उघड्या साइटचाही गट असतो. दुर्बिणीला जागा होती ती पळत्या निशाण्याच्या प्रकारात, आणि तो २००४ नंतर ऑलिम्पिकमधून गेला. मुलाला स्पर्धेत उतरवायचं म्हणून छर्‍याच्या रायफलीवर दुर्बीण लावून देणारे पालक त्याला नेमकी उलटी सवय लावतात. हौसेपुरती लावायचीच तर दोन गोष्टी बघाव्यात. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो. तो सोसायला न बनलेल्या दुर्बिणीची आतली भिंगं सुटतात. दुसरं, शिकारी दुर्बिणीचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर पक्का केलेला असतो. दहा मीटरवर चित्र पुसट दिसतं, आणि डोळा जरा हलला की फुलीही निशाणावरून सरकते. तिथे १० यार्डांपर्यंत खाली येणारंच समायोजन हवं.

लांब पल्ल्याकडे वळलं की खरा गुंता सुरू होतो, आणि तो काचेत नसून शब्दात आहे. मिल म्हटलं की नांदेड-परभणीच्या माणसाला कापसाची मिल आठवते; मिनिट म्हटलं की घड्याळ. दोन्ही खरं तर कोनाची मापं. अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, म्हणजेच एमओए. शंभर मीटरवर २.९१ सेंटिमीटर. मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. शंभर मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. एका मिलमध्ये ३.४३८ मिनिटं.

मिल हे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय तोफखान्याचं अपत्य. वर्तुळात खरे मिल ६२८३ बसतात, पण भागाकार सोपा जावा म्हणून पाश्चात्त्य फौजांनी ते ६४०० धरले, रशियाने ६०००, स्वीडनने ६३००. एकाच नावाची चार मापं झाली! रायफलीच्या दुर्बिणीत ठिपक्यांची मिल-फुली अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणली. निशाणाची उंची माहीत असली की अंतर काढता यावं हा हेतू. एक मीटर उंचीची वस्तू अडीच मिलमध्ये बसली तर १००० भागिले २.५, म्हणजे ४०० मीटर.

वादग्रस्त निर्णय इथलाच. फुली मिलमध्ये गेली, पण नेम वर-खाली सरकवणार्‍या वरच्या फिरकीच्या टिचक्या, म्हणजे ती फिरवताना लागणारे खटके, मिनिटातच ठेवल्या. ठेवणार्‍यांची बाजू अशी, की भोकाच्या साइटवर शिकलेल्या सैनिकांच्या हाताला मिनिटांचीच सवय होती आणि निशाणांची वर्तुळंही मिनिटात आखलेली होती. तरीही तो निर्णय चुकीचा होता, आणि त्याची किंमत पुढची तीस वर्षं नेमबाजांनी मोजली. समजा गोळी ३०० मीटरवर फुलीच्या ०.८ मिल खाली लागली. फिरकी ०.१ मिलची असेल तर आठ टिचक्या, काम संपलं. फिरकी पाव मिनिटाची असेल तर ०.८ गुणिले ३.४३८ म्हणजे २.७५ मिनिटं, अकरा टिचक्या. घाईत आठच दिल्या तर गोळी अजून साडेसहा सेंटिमीटर खालीच. २००० नंतर फुली आणि फिरकी एकाच मापात मिळू लागल्या, पण मिश्र जातीचा माल स्वस्तात अजून विकला जातो. खोक्यावर ‘मिल-डॉट’ दिसलं की आधी फिरकीवरचं लिखाण वाचावं.

मिनिट हद्दपार झालं नाही, त्यालाही कारण आहे. ठरलेल्या अंतरावरच्या एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धाप्रकारात दहा गुणांचं वर्तुळ एक मिनिटाचं, त्यातलं सर्वांत आतलं एक्स अर्ध्या मिनिटाचं. तिथे पाव किंवा अष्टमांश मिनिटाची टिचकी सरळ उपयोगी. जिथे अंतर आपणच काढायचं आणि ते मीटरमध्ये काढायचं, तिथे मिल. आपल्याकडे रेंज मीटरमध्ये आखलेल्या, हिशोब मीटरमध्ये. त्यामुळे दोन्हींत मन अडकलं असेल तर मिलच घ्यावं.

मिल-फुली कोणत्या प्रतलात आहे, म्हणजे वर्धन बदलणार्‍या भिंगांच्या पुढे (पहिलं) की मागे (दुसरं), हेही विचारावं. पहिल्या प्रतलातली फुली वर्धनासोबत मोठी होते आणि तिचं माप कायम खरं राहतं. दुसर्‍या प्रतलातली एकाच वर्धनावर खरी असते, बहुधा सर्वांत वरच्या. २४ वर खरी असलेली फुली १२ वर एका मिलच्या जागी दोन मिल झाकते. आणि आपल्या एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर जमिनीवरून अशी झळ उठते, की १२-१५ च्या वर वर्धन नेलं तर निशाण उकळत्या पाण्यातल्यासारखं हलतं. वर्धन खाली आणावंच लागतं, आणि दुसर्‍या प्रतलाचा घोळ तिथेच होतो.

शेवटचा घोळ मिनिटाच्याच आत आहे. काही कारखाने मिनिट म्हणून शंभर यार्डांवर सरळ एक इंच देतात, खरं मिनिट १.०४७ इंचांचं असतं. छापील तपशिलात हा फरक दिसत नाही. मोजपट्टीने बरोबर १०० मीटर अंतर घ्यावं, ओळंब्याने कागदावर उभी रेघ मारावी, तळाच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या घालाव्यात, मग फिरकी शंभर टिचक्या वर देऊन त्याच ठिपक्यावर पुन्हा तीन. पाव मिनिटाची फिरकी खरी असेल तर दोन गटांत ७२.७ सेंटिमीटर अंतर पडतं, इंचाची असेल तर ६९.४. गट रेघ सोडून बाजूला सरकले, तर दुर्बीण कड्यांत तिरकी बसलेली असू शकते.