उदास

उदास (विशेषण) : खिन्न, उत्साह मावळलेला, कशातच मन न रमणारा. माणूस, मन, चेहरा, सूर, संध्याकाळ, घर अशा सगळ्यांना हे विशेषण लागते. शब्द संस्कृत असला तरी खिन्नतेचा अर्थ मूळचा नाही.

उद् हा उपसर्ग आणि आस् म्हणजे ‘बसणे’ हा धातू. आस् पासून ‘आसीन’ म्हणजे बसलेला, आणि ‘उदासीन’ म्हणजे बाजूला बसलेला, कोणत्याच पक्षात नसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे एकमेकांशी संबंध येणाऱ्या राजांच्या वर्तुळात, ‘उदासीन’ हा दुबळा राजा नव्हे. तो शत्रू, विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा) आणि मध्यम (त्या दोघांच्या सीमेलगतचा राजा) या तिघांच्या भांडणाबाहेरचा, पण त्यांच्यापेक्षा बलवान असतो. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात (12.16) प्रिय भक्ताचे वर्णन ‘उदासीनो गतव्यथः’ असे येते. आजच्या अर्थाने वाचले तर ही दोन विशेषणे एकमेकांना छेद देतात. जुन्या अर्थाने ती शेजारी शोभतात, कारण जो अलिप्त त्याची व्यथा गेलेली.

संतवाङ्मयातही हाच अर्थ आहे. ‘जोडोनिया धन उत्तम व्यवहारें । उदास विचारें वेच करी’ या तुकारामांच्या चरणातला ‘उदास’ म्हणजे खिन्न मनाने नव्हे, तर धनाची आसक्ती न धरता. हा चरण आज चुकीच्या अर्थाने वाचला जातो, आणि त्यात अभंगाचा सगळा उपदेशच हरवतो.

अर्थ कसा सरकला, हे वाक्यरचनेवरून दिसते. जुना उदास कशाला तरी उदास असे : संसाराला, देहाला, धनाला. आजच्या उदासला असा विषय लागत नाही. ‘उगाचच उदास वाटतंय’ हे पूर्ण वाक्य आहे. एका गोष्टीवरून मन काढून घेणे हा निश्चय असतो. सगळ्यावरूनच मन उडाले की ती खिन्नता होते. विषय गळाला आणि विरक्तीच्या जागी विषण्णता आली, असे मानणे सयुक्तिक आहे.

मुंबईच्या बोलण्यात ‘मी उदास आहे’ क्वचितच ऐकू येते. माणूस म्हणतो ‘मला उदास वाटतंय’, आणि दुसरा विचारतो ‘काय रे, असा उदास का बसलायस?’ तरुण पिढी ‘मूड नाहीये’वर भागवते, पण जागेविषयी बोलताना तीही याच शब्दाकडे येते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर विसर्जन करून मंडळी परततात. चौपाटीची मूठभर वाळू घरच्या पाटावर ठेवून आरती होते; मखर आणि दिव्यांच्या माळा जागच्या जागी असतात. त्यानंतर कोणीतरी म्हणतेच, ‘घर कसं उदास वाटतंय गं.’ ‘ओकंबोकं’ म्हटले तर फक्त जागा रिकामी झाल्याचे कळते. ‘उदास’मध्ये घरातल्यांचे मनही येते.

जवळचे शब्द वेगळे ठेवावेत. ‘विषण्ण’ सद् धातूपासून आला, त्यात खचून बसणे आहे आणि बहुधा त्याला कारण असते. ‘हुरहुर’ अस्वस्थ असते, कशाची तरी वाट पाहते. उदास मन वाट पाहत नाही. ‘नैराश्य’ हा वैद्यकातही वापरला जाणारा शब्द आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहिले, झोप, भूक, काम यांवर परिणाम झाला, तर ‘जरा उदास आहे’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

लिहिताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ‘ती उदासीन होऊन रडली’ हे चूक. तिथे ‘उदास’ हवे. उलट ‘रस्त्यांच्या खड्ड्यांबाबत प्रशासन उदासीन’ हे बरोबर, कारण तिथे बेपर्वाई सांगायची आहे. जुन्या ताटस्थ्याचा अर्थ आज शाळेच्या विज्ञानात शाबूत आहे : सामू (pH) 7 असलेले द्रावण उदासीन, आणि आम्ल व आम्लारी यांची अभिक्रिया म्हणजे उदासिनीकरण. भाववाचक नाम ‘औदासीन्य’, नपुंसकलिंगी. त्याला पुन्हा ‘ता’ जोडून ‘औदासीन्यता’ करू नये. ‘उदास’ लिंग-वचनाने बदलत नाही (उदास मुलगा, उदास मुली). ‘उदासवाणा’ मात्र बदलतो : उदासवाणी सांज, उदासवाणे दिवस.